लाभ, दोन, तीन

आमच्या ऑफिसातला मापाडी मोजायला लागला की 'एक' हा आकडा त्याच्या तोंडून कधी यायचा नाही. चहाचे कप असोत, मीटिंगला आलेली माणसं असोत, नाहीतर लिफ्टचे मजले असोत, त्याची सुरुवात 'लाभ' अशीच. लाभ, दोन, तीन, चार. आला त्या दिवशी त्यानं आमच्या खोलीतल्या खुर्च्या अशा मोजल्या आणि सावंत माझ्याकडे बघतच राहिला. सावंत म्हणजे आमच्या खोलीतला जुना माणूस, काम कमी आणि मत जास्त. मला त्या मोजण्याचं नवल नव्हतं. आम्ही शिरवण्याचे. गावात शेती होती तेव्हा भात मापताना पहिल्या मापाला आईही लाभच म्हणायची. धान्य मोजताना सुरुवात शुभ शब्दानं करायची, एवढीच ती रीत. पण एसी ऑफिसात फिरत्या खुर्च्यांना लाभ म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मापाडी हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, त्याचं त्यानंच आणलं. वडील मूळचे साताऱ्याकडचे. त्यांची हयात तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मापाडी म्हणून गेली. गोणी काट्यावर चढली की वजन बघायचं आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे त्यांचं काम. ओळख करून देताना या पठ्ठ्यानं आपली इंजिनिअरिंगची पदवी, आधीच्या नोकऱ्या वगैरे काही सांगितलं नाही. "आम्ही मापाडी," म्हणाला. "बाप गोण्या मापायचा, मी प्रोग्रॅम मापतो." यात नम्रपणा वगैरे काही नव्हता बरं का. छाती पुढे काढून सांगितलं होतं. आठवडाभरात मोठ्या साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला मापाडीच म्हणायला लागले.

आमचं काम काय, ते थोडं सांगायला हवं. कंपनीचं कंटेनरचं यार्ड द्रोणागिरीला. बंदरातून उतरलेला कंटेनर तिथे येतो, कागदपत्रं पुरी झाली की ट्रकवर चढून बाहेर पडतो. कुठला कंटेनर सुटला आणि तो कुठल्या ट्रकनं न्यायचा, याची पावती गेटवर छापून निघते. ही पावती काढणारे शेल स्क्रिप्ट्स आमच्या ताब्यात. शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. ही फाईल आण, ती त्या फाईलशी ताडून बघ, जुळलं ते छाप. आमचे स्क्रिप्ट्स वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले, जागोजागी ठिगळं लावलेले, पण चालणारे. ते कुठे रेंगाळतात, कशाला रेंगाळतात, हे कोणी विचारत नसे. उशीर झाला की 'नेटवर्क स्लो आहे' असं म्हणायचं आणि चहाला जायचं, ही आमची कार्यपद्धती.

मापाड्यानं पहिल्याच आठवड्यात या कार्यपद्धतीला हात घातला. सावंतनं नेहमीप्रमाणे नेटवर्क स्लो असल्याचं जाहीर केलं, तर हा खुर्ची वळवून विचारतो, "स्लो म्हणजे किती?" सावंत म्हणाला, अरे स्लो म्हणजे स्लो. "अंदाज घरी," मापाडी म्हणाला. "इथं काटा लावायचा." हे वाक्य पुढे आम्ही इतक्या वेळा ऐकलं की सावंत त्याची नक्कल करून दाखवायचा. पण त्या दिवशी मापाडी खरोखरच काटा लावायला बसला. त्यानं एक छोटी फाईल लिहिली आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर तिला बोलावणारी एक ओळ टाकली. बस, एवढंच. तेव्हापासून आमचा प्रत्येक स्क्रिप्ट आपलं कुठलं काम कधी सुरू केलं, कधी संपवलं आणि ते धड झालं की फसलं, हे स्वतःच लिहून ठेवू लागला.

कंपनीच्या कागदांवर याला टेलिमेट्री आणि परफॉर्मन्स मॉनिटरिंग म्हणतात. मापाडी त्याला काटा म्हणायचा, कारण तो लांबलचक शब्द पुरा बोलेपर्यंत गोणी खाली उतरते, असं त्याचं म्हणणं. आणि त्या नोंदींतसुद्धा पहिल्या पायरीपुढे आकडा नाही, 'लाभ' हा शब्द. मग दोन, तीन, चार. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, मशीनला कसलं शुभाशुभ? तर म्हणाला, "ताई, मशीनला नसेल, मला आहे. पहिलं माप लाभाचं." त्यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

काट्यानं पहिल्याच दिवशी करामत केली. सकाळी पावत्या काढणारा आमचा एक मोठा स्क्रिप्ट नेहमी रडतखडत संपायचा. मापाड्यानं नोंदी उघडल्या आणि एकदम उभाच राहिला. "इथं माणूस झोपलाय," तो म्हणाला. आम्ही वाकून पाहिलं. स्क्रिप्टच्या मधोमध कोणीतरी 'थोडा वेळ थांब' असा हुकूम लिहून ठेवला होता आणि स्क्रिप्ट इमानेइतबारे दर पावतीला थांबत होता. कोणी लिहिला, कशाला लिहिला, काही पत्ता नाही. दुपारपर्यंत चौकश्या केल्या तेव्हा कळलं, पूर्वी गेटवर एक जुना प्रिंटर होता, त्याला गरम व्हायला वेळ लागायचा. तो प्रिंटर भंगारात जाऊन जमाना झाला होता. हुकूम लिहिणारा नोकरी सोडून गेला होता. आणि आमचा स्क्रिप्ट अजून त्या प्रिंटरसाठी अदबीनं थांबत होता. ती ओळ मापाड्यानं काढली, स्क्रिप्ट पुन्हा चालवला, आणि पावत्या अशा भराभर बाहेर पडल्या की सावंत स्वतःहून टाळ्या वाजवायला लागला. आम्ही तिघं त्या दिवशी लहान पोरांसारखे नाचलो. मला तर तोवर आपलं काम इतकं मजेचं असू शकतं याची कल्पनाच नव्हती.

त्यानंतर आम्हाला वेडच लागलं म्हणा ना. रोज सकाळी आल्या आल्या कालचा काटा बघायचा, कुठली पायरी फुगली ते शोधायचं आणि ती उतरवायची. एकच भली मोठी फाईल पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाचणारा माझा एक स्क्रिप्ट निघाला. तो मीच दुरुस्त केला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पायरी बसकी झालेली पाहून मला जो आनंद झाला तो मी घरी कोणाला समजावून सांगू शकले नाही. नवऱ्यानं 'बरं बरं' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

मापाड्याची दुसरी खोड म्हणजे माप मोठ्यानं बोलायचं. त्यानं आपली नोंद स्वतःपुरती कधी ठेवली नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये पडून असलेला एक स्क्रीन मागून आणला आणि कुठला स्क्रिप्ट कसा चालतोय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावून टाकलं. सावंत घाबरला. आपली लक्तरं कशाला वेशीवर टांगायची, असं तो म्हणाला. तेव्हा मापाड्यानं आम्हाला त्याच्या अण्णांची गोष्ट सांगितली. अण्णांच्या काट्याच्या पाट्याखाली एकदा कांद्याचा चिखल अडकून बसला होता आणि सकाळपासूनची मापं चुकत होती. लक्षात आलं तेव्हा अर्धा माल गाळ्यांतून हललाही होता. अण्णा गोण्यांच्या थप्पीवर चढले आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले की माझा काटा चुकलाय, सगळ्यांनी माल परत आणा. लोकांनी शिव्या घातल्या, पण माल परत आणला. "मापाडी ना व्यापाऱ्याचा, ना शेतकऱ्याचा," मापाडी म्हणाला. "तो काट्याचा. दोघांना ऐकू जाईल असं बोलायचं, नायतर काट्याला हात लावायचा नाय." गोष्ट सांगताना त्याचा आवाज असा चढला की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली.

आणि तिसरं म्हणजे बारदान. मालाचं वजन करताना गोणपाटाचं वजन वजा करावं लागतं, ते बारदान. मापाडी कशालाही बारदान लावायचा. कोणी म्हणालं की या कामात माझी सकाळ गेली, की याचा प्रश्न तयार, "बारदान वजा केलं का?" म्हणजे त्यातला चहा, फोन आणि गप्पा धरून की सोडून? मोठ्या साहेबांनी एकदा मीटिंग फार लांबल्याची तक्रार केली, तेव्हा यानं त्यांनाही तेच विचारलं. साहेबांना आधी कळलं नाही, कळल्यावर ते हसले नाहीत.

शिरवण्याच्या जत्रेला मी त्याला जेवायला बोलावलं होतं. ताटावर बसायच्या आधी हा स्वयंपाकघराच्या दारात उभा, आईच्या चुलीवरचं कोळंबीचं कालवण किती वेळ उकळतं ते मनगटावरच्या घड्याळात बघतोय. आईनं ते पाहिलं आणि मला विचारलं, "याला मोजाचा रोग हाय का गो?" मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "कालवन झालं का नाय ते नाकाला कलतं." तर हा गंभीरपणे म्हणतो, आई, नाक म्हणजे पण काटाच की. "मंग नाकानं मोज आनि गप जेव," आई म्हणाली. तो गप जेवला, वाट्या किती झाल्या ते मात्र मनात मोजत असणार. त्या दिवसापासून आई त्याला 'मोजनारा' म्हणायची आणि मला अधूनमधून त्याची खुशाली विचारायची.

पुढे आमच्या काट्याचं नाव वरपर्यंत गेलं. कंपनीनं मापं आपणच गोळा करून दाखवणारा नवीन, चांगला बोर्ड विकत घेतला. त्यावर रंगीत आलेख, हिरवे-लाल दिवे, सगळी हौस. मापाडी खूश. तोवर त्यानं आपली मापं गोळा करायला खोलीच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन ठेवलं होतं, पंख्याचा घरघर आवाज करणारं. ते आता लागणार नव्हतं. मापाड्यानं त्याला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आपल्या हातानं त्याचं बटण बंद केलं. सावंतनं छोटंसं भाषण केलं. खोबऱ्याचे तुकडे पुऱ्या मजल्यावर वाटले.

पुढच्या आठवड्यापासून द्रोणागिरीच्या गेटवर गाड्या तुंबायला लागल्या.

पावत्या निघत होत्या, पण रखडत. एक पावती यायची, मग खोळंबा, मग दुसरी. ट्रकची रांग गेटाबाहेर मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. ड्रायव्हर उन्हात उभे राहून हॉर्न वाजवायचे आणि गेटवरच्या पोरांना नको नको ते बोलायचे. नेमक्या त्याच दिवसांत यार्डातलं कामही वाढलं होतं, उशीर त्यामुळेच असेल असं समजून साहेबांनी आधी दम धरला. मग एके दिवशी आम्हा तिघांना बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं की हे जुने स्क्रिप्ट्स आता पुरे झाले. पुण्याच्या एका कंपनीची माणसं शुक्रवारी येतायत, सगळं काम त्यांना देऊन टाकू. तुम्हा तिघांची कुठेतरी सोय लावू. "वेळ नेमका कुठे जातोय ते शुक्रवारच्या आत सांगू शकलात तर बोला," साहेब म्हणाले. "इतके दिवस मोजताय ना?"

ते शेवटचं वाक्य मापाड्याला झोंबलं. खोलीत येऊन त्यानं बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, काटा लावू, दुपारपर्यंत सापडेल. त्याचा उत्साह बघून मलाही वाटलं, सापडेलच. पण बोर्ड उघडावा तर सगळं हिरवंगार. प्रत्येक पायरी चपळ. फाईल आणायला क्षण, ताडून बघायला क्षण, छापायला क्षण. स्क्रिप्ट बोर्डावर धावत होता आणि गेटवर रांगत होता. त्यानं नेटवर्क तपासलं, प्रिंटर तपासले, एक दिवस तर स्वतः द्रोणागिरीला जाऊन ड्रायव्हरांत उभा राहून आला. काही हाती लागेना. गुरुवारी चहाचे कप आले, ते त्यानं मोजले नाहीत. मला ते बघवेना. आमची खोली, आमचं काम राहो न राहो, या माणसाचा काट्यावरचा विश्वास जाऊ नये, असं मला फार वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मी सहज पायऱ्यांच्या वेळांची बेरीज केली. ती पुऱ्या स्क्रिप्टच्या वेळेशी जुळेना. म्हणजे पायऱ्या सगळ्या हलक्या आणि गोणी मात्र जड. मी मापाड्याला ते दाखवलं. त्यानं बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली. मग उठला आणि म्हणाला, "बोर्ड बंद करा. हातानं मापू."

त्यानं एका कंटेनरसाठी स्क्रिप्ट चालवला. पायरी सुरू झाली की पडद्यावर तिची ओळ उमटणार आणि ती आपण पुकारायची, असं ठरलं. गोणी काट्यावर चढताना अण्णा उभे राहत असतील तसा पाय फाकून तो उभा राहिला. "लाभ," तो म्हणाला.

आणि पुढे काहीच आलं नाही. मापाडी तोंड उघडं ठेवून 'दोन' म्हणायला तयार, आणि दोन येईना. सावंतला वाटलं हा विसरला. माझ्या चहावर साय धरली. मग एकाएकी ओळी उमटल्या आणि त्यानं एका दमात पुकारलं, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा चालवला. पुन्हा लाभ, पुन्हा तो अडकलेला श्वास, आणि मग दोन-तीन-चार-पाच. तिसऱ्या वेळी आम्ही तिघंही मोठ्यानं मोजत होतो. सावंत खुर्चीवर उभा होता. लाभातच सगळा वेळ जात होता.

मापाड्यानं धावत जाऊन बोर्ड पुन्हा लावला. आम्ही आठवडाभर त्याकडे बघत होतो, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं की त्यावरच्या ओळी दोनपासून सुरू होतात. नव्या बोर्डाला पायरीच्या जागी आकडाच लागायचा. 'लाभ' हा शब्द आला की तो ती ओळ काहीएक न बोलता टाकून द्यायचा. आणि त्या पहिल्या पायरीत होतं काय? मापाड्याचाच एक निरोप. स्क्रिप्ट सुरू झाला की 'मी निघालो' एवढं कोपऱ्यातल्या जुन्या मशीनला कळवायचं, त्यानं 'बरं' म्हणेपर्यंत थांबायचं आणि मग कामाला लागायचं. त्या मशीनला तर आम्ही हार घातला होता. दर कंटेनरला आमचा स्क्रिप्ट त्या मेलेल्या मशीनला हाक मारत होता, उत्तराची वाट बघत होता आणि कंटाळून पुढे जात होता.

"सापडलं," मापाडी ओरडला. त्यानं सावंतला खुर्चीवरून खाली ओढून मिठी मारली, मला टाळी दिली, खोलीत एक गिरकी घेतली. मी त्याला इतका आनंदलेला त्याआधी आणि नंतर कधी पाहिला नाही. मग गिरकी घेता घेता तो थांबला आणि त्या घरघर बंद झालेल्या मशीनकडे त्याचं लक्ष गेलं. हार सुकून तिथेच लोंबत होता.

"बारदान," तो हळूच म्हणाला. "जगाला विचारत फिरलो, ताई, आणि माझंच वजा केलं नाय."

सावंत व्यवहारी माणूस. तो म्हणाला, एक ओळ काढ, गाड्या सुटतील. साहेबांना सांग नेटवर्क स्लो होतं, त्यांना ते पटकन पटतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मापाड्यानं ती ओळ काढली, गाड्या सुटल्या. द्रोणागिरीहून फोन आला की पावत्या आता वाऱ्यासारख्या येतायत. सावंत म्हणाला, बघ, संपला विषय. मापाडी मात्र लॅपटॉप काखेत मारून मीटिंगच्या खोलीकडे निघाला होता. आम्ही मागोमाग गेलो.

आत साहेब बसले होते, पुण्याहून आलेल्या कंपनीच्या बाई आणि त्यांची माणसं बसली होती. मापाडी बसलाच नाही. त्यानं उभ्या उभ्या, पॅसेजमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. गाड्या नेटवर्कमुळे थांबल्या नाहीत, जुन्या स्क्रिप्ट्समुळे थांबल्या नाहीत. माझ्या काट्यामुळे थांबल्या. मशीन मी बंद केलं, निरोप मी विसरलो, आणि पहिल्या पायरीला आकड्याऐवजी लाभ हे नाव मी ठेवलं होतं म्हणून ती बोर्डावर दिसली नाही. सावंतनं डोळे मिटून घेतले.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्या मोजण्यानंच उशीर झाला. मग काढून टाका ते सगळं."

मापाड्याचा चेहरा पडला. आमची खोली बंद झाली असती तर तो हसत करंजाड्याच्या आपल्या घरी गेला असता आणि दुसरी नोकरी शोधली असती. काटा काढणं त्याला सोसणार नव्हतं. "साहेब," तो म्हणाला, "काटा चुकला तर दुरुस्त करतात. फेकला तर परत आपलं नेटवर्क स्लो." मला वाटलं आता साहेब चिडणार. तेवढ्यात पुण्याच्या बाईंनी विचारलं की काट्याचं स्वतःचं वजन किती आहे, हे तुम्ही दाखवू शकाल का?

झालं. दिवा लागावा तसा तो माणूस उजळला. दाखवतो म्हणाला, आत्ता दाखवतो, आणि तिथेच लॅपटॉप उघडून लिहायला बसला. सुरुवातीचा निरोप आता नव्या बोर्डाकडे जाणार, आणि स्क्रिप्टनं त्याच्या उत्तरासाठी थांबायचं नाही, आपल्या वाटेनं चालू लागायचं. बोर्डाला पहिल्या पायरीचा आकडा द्यायचा आणि लाभ हे नाव शेजारी लिहायचं. आणि सगळ्यात शेवटी एक नवी ओळ घालायची, काट्यानं स्वतः किती वेळ खाल्ला त्याची. तिचं नाव बारदान. लिहून झाल्यावर त्यानं पडदा सगळ्यांकडे वळवला आणि म्हणाला, बोला.

मी आणि सावंतनं सुरुवात केली. लाभ, लगेच दोन, तीन. चारला पुण्याची माणसं सामील झाली. पुन्हा चालवला तेव्हा साहेबांचे ओठ हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि तिसऱ्या वेळी लाभ त्यांनीच म्हटलं, घसा साफ करून. शेवटची ओळ उमटली. बारदान नखाएवढं. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "राहू दे. काटा पण राहू दे आणि तुम्ही पण राहा." खोलीत परतल्यावर मापाड्यानं मशीनवरचा सुका हार काढून आपल्याच गळ्यात घातला आणि आम्ही पोट धरून हसलो.

काही महिन्यांनी पुण्याच्या त्या बाईंनी मापाड्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. त्यांच्या शेकडो स्क्रिप्ट्सना काटा लावायचा होता. त्याला मोठं काम मिळालं याचा मला आनंद झाला आणि तो जाणार म्हणून रडूही आलं, दोन्ही एकाच दुपारी. निरोपाच्या दिवशी त्याचे अण्णा आले होते. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. पॅसेजमधल्या बोर्डापुढे ते खूप वेळ उभे राहिले. मी त्यांना ओळी वाचून दाखवल्या, पावती कशी निघते ते सांगितलं. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"बारदान बी लिवलंय व्हय?"

मी म्हटलं, हो अण्णा, आधी राहिलं होतं. "ऱ्हातं," ते म्हणाले. "मोठ्यानं बोल्ला न्हवं?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर बोलला. अण्णांनी पंच्यानं त्या स्क्रीनवरची धूळ पुसली, कोपऱ्यांतलीसुद्धा.

तो गेल्यावर खोली फार शांत झाली. सावंत आता 'नेटवर्क स्लो' म्हणत नाही, आधी बोर्ड बघतो. आई विचारते, मोजनारा परत कवा येनार. मी नवे स्क्रिप्ट लिहिते, त्यांच्या डोक्यावर त्याची ती एक ओळ टाकते, आणि प्रत्येकाच्या शेवटी बारदान असतं. मला तो रोज आठवतो, अगदी कामाच्या मधोमध.

परवा मी लिहिलेला सगळ्यात मोठा स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवायचा होता. पुऱ्या यार्डाच्या पावत्या त्याच्यावर अवलंबून. बोट बटणावर ठेवलं. एवढ्यात फोन वाजला. सावंतनं त्याला कळवून ठेवलं होतं.

"ताई, गोणी चढली का?" मापाडी म्हणाला.

मी म्हटलं, चढतेय. फोन स्पीकरवर टाकला, बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हटलं, लाभ. दुसरी ओळ उमटायला क्षणभर लागला, आणि त्या क्षणात पुण्याहून त्यानं धरलेला श्वास मला इकडे ऐकू आला.

"दोन," मी म्हटलं, आणि पलीकडे तो हसायला लागला.